'उमरा' म्हणजे काय? अमरावतीच्या नावावरून पडलेला इंग्रजी शब्द आणि कापसाच्या भावाची गोष्ट

कापसाचा हंगाम सुरू झाला की वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज संध्याकाळी एक तक्ता फिरतो. बाजार समितीचं नाव, जात किंवा प्रत, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि शेवटी सर्वसाधारण दर. अमरावती, अकोला, हिंगणघाट, पुलगाव या नावांच्या रांगेत 'धामणगाव-रेल्वे' हेही नाव असतं. बहुतेक जण थेट शेवटच्या रकान्याकडे जातात, आपल्या बाजाराचा आकडा बघतात आणि तक्ता पुढे पाठवतात.

पण भाव ठरतो तो मधल्या एका रकान्यात, 'जात/प्रत' या मथळ्याखाली. तिथे 'लोकल', 'मध्यम स्टेपल', 'लांब स्टेपल', 'एच-४' असं काहीबाही लिहिलेलं असतं. क्विंटलमागे काही शे रुपयांचा फरक या शब्दांवरून पडतो. हे शब्द कुणी ठरवले आणि ते कुठून आले, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

या रकान्यात एके काळी एक वेगळाच शब्द असायचा. तो इंग्रजी होता, लिव्हरपूलच्या कापूस बाजारात रोज छापला जायचा, मुंबईत त्याच्या नावाने लाखोंचे वायदे व्हायचे. तो शब्द म्हणजे 'उमरा'. आणि तो इंग्रजीत गेला होता अमरावतीहून.

शोधायला गेलात तर मक्का मिळेल

'उमरा' हा शब्द इंटरनेटवर शोधला तर पहिली शंभर पानं मक्केच्या उमरा यात्रेची येतील. त्याचा इथे काही संबंध नाही. जुन्या इंग्रजी पुस्तकांत मोगल दरबारातल्या सरदारांसाठीही जवळपास असाच शब्द येतो. आपण 'सरदार-उमराव' म्हणतो त्यातला उमराव, 'अमीर'चं अरबी अनेकवचन. तोही वेगळा.

कापसाचा 'उमरा' इंग्रजीत दोन ओ, मग एम, आर, ए असा लिहिला जायचा. बहुतेक वेळा शेवटी एस लावून अनेकवचनात, म्हणजे 'उमराज'. हे 'उमरावती'चं लघुरूप. कंपनी सरकारच्या काळातले इंग्रज कानाला जसं ऐकू येई तसं लिहीत. 'उ'साठी दोन ओ, 'अ'साठी यू आणि 'ई'साठी दोन ई. पुण्याचं 'पूना' झालं ते याच पद्धतीने. त्यामुळे त्यांच्या कागदपत्रांत अमरावतीचं स्पेलिंग वाचलं तर उच्चार सरळ 'उमरावती' असा होतो. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने गावांच्या स्पेलिंगची नवी पद्धत आणली आणि गॅझेटियरमध्ये 'अ'ने सुरू होणारं नाव आलं. व्यापाऱ्यांनी मात्र जुनाच शब्द धरून ठेवला. सरकारी नकाशात अमरावती आणि भावाच्या पत्रकात उमरा, असं पुढे कित्येक दशकं चाललं.

यात एक गंमत आहे. अमरावतीच्या नावाची जी व्युत्पत्ती नेहमी सांगितली जाते, ती देवांच्या नगरीशी नाही तर उंबराच्या झाडाशी जोडलेली आहे. उदुंबरावती, मग उंबरावती, उमरावती आणि शेवटी अमरावती. ही साखळी खरी धरली, तर शहराच्या आजच्या नावात उंबर उरलेला नाही. तो उरला आहे लिव्हरपूलच्या दलालांच्या शब्दात.

गावाला 'रेल्वे' मिळालं, ते कशामुळे?

धामणगावचं नाव याच व्यवहाराची दुसरी बाजू दाखवतं.

धामणगाव नावाची गावं विदर्भात बरीच आहेत. अचलपूर तालुक्यात धामणगाव गढी आहे, बुलडाणा जिल्ह्यात धामणगाव बढे आहे. मग अमरावती जिल्ह्यातलं वर्धा नदीच्या बाजूचं हे धामणगाव कोणतं? तर रेल्वेचं. शेजारच्या चांदूरचंही तेच. एक चांदूर बाजार आणि दुसरं चांदूर रेल्वे. जनगणनेच्या यादीत शहराचं नाव 'दत्तापूर धामणगाव' असं आहे, पण तालुका, विधानसभा मतदारसंघ आणि बाजारभावाचा तक्ता या सगळ्यांत 'धामणगाव रेल्वे'च चालतं. बाहेरगावी कुणी गाव विचारलं तर 'धामणगाव' म्हटल्यावर पुढे 'रेल्वे' जोडावंच लागतं.

ही रेल्वे इथे प्रवाशांच्या सोयीसाठी आली नव्हती. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांनी आपल्या हाती घेतला, त्यामागे कापूस हे मोठं कारण होतं. त्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या तांड्यांवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. वाटेत पाऊस, धूळ, चोरी, आणि वजन वाढवण्यासाठी घातलेली माती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाइन १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचली आणि हा माल पश्चिमेकडे, मुंबईच्या बंदराकडे वळला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी 'कॉटन कमिशनर' नेमण्यात आला. हॅरी रिव्हेट-कारनॅक हे त्या अधिकाऱ्याचं नाव. एखाद्या पिकासाठी कमिशनर नेमावा लागतो, यावरून सरकारची गरज लक्षात येते.

यवतमाळला मुख्य लाइन नव्हती. त्या भागातला माल सुमारे ४५ किलोमीटरची वाट तुडवत धामणगावच्या स्टेशनावर यायचा. वऱ्हाडातल्या बहुतेक स्टेशनांशेजारी जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले ते याच हिशेबाने. कापूस आत गेला की सरकी वेगळी, रुई वेगळी; रुईच्या गाठी बांधल्या की शेजारच्या डब्यात. (जाता जाता, या कारखान्याला वऱ्हाडात 'जीन' म्हणतात, तो शब्द इंग्रजी 'एंजिन'चं तुटलेलं शेपूट आहे. दारूच्या जिनशी त्याचं नातं नाही.)

म्हणजे झालं असं, की ज्या गाठींमुळे या गावाच्या नावाला 'रेल्वे' हा इंग्रजी शब्द चिकटला, त्याच गाठींवर बसून जिल्ह्याचं नाव इंग्रजीत गेलं.

'सुरत' ही शिवी होती

इंग्रजीत गेलं खरं, पण फार मानाने गेलं नाही.

लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या, गुलामांच्या श्रमावर पिकणाऱ्या कापसावर चालत. यंत्रं त्या लांब धाग्याला बेतलेली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या नौदलाने अडवली आणि कापूस येणं थांबलं. तेव्हा हिंदुस्थानातला कापूस मिळेल तिथून उचलला गेला. त्या सगळ्याला तिकडे एकच सरसकट नाव होतं, 'सुरत'. आखूड धागा, कचरा, भेसळ. चात्यावर धागा सारखा तुटायचा, मजुरी मालाप्रमाणे असल्याने कामगाराची कमाई बुडायची. लँकेशायरमध्ये 'सुरत' हा शब्द कोणत्याही हलक्या, फसव्या मालासाठी वापरला जाऊ लागला. एका बिअर बनवणाऱ्याने तर आपल्या बिअरला 'सुरत' म्हटल्याबद्दल कोर्टात दावा लावला होता.

इकडे मुंबईत मात्र पैशाचा पूर आला. वऱ्हाडालाही त्याचे शिंतोडे उडाले. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' म्हणतात, त्यातलं सोनं हे मुख्यतः पांढरं सोनं. भेसळ इतकी वाढली की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातल्या फसवणुकीविरुद्ध खास कायदा करावा लागला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, अमेरिकन कापूस परत बाजारात आला, भाव कोसळले आणि मुंबईतल्या शेअरच्या फुग्याला टाचणी लागली.

पण खरेदी पूर्ण थांबली नाही. उलट 'सुरत'च्या ढिगाचे आता वेगवेगळे वाटे पडले. ढोलेरा, भडोच, धारवाड, कुमठा, हिंगणघाट, उमरा. लिव्हरपूलच्या भावपत्रकात गावांची नावं ही मालाची नावं झाली. आपण 'नागपुरी संत्रं' म्हणतो तसंच, फक्त म्हणणारा ग्राहक सात समुद्रांपलीकडचा.

यातला एक बारकावा धामणगावच्या वाचकाला लगेच कळेल. वर्धा नदीच्या अलीकडे धामणगाव, पलीकडे पुलगाव, आणि तिथून पुढे हिंगणघाट. रेल्वेने हे अंतर किरकोळ आहे. पण बाजारात 'हिंगणघाट' हे नाव चांगल्या, तलम मालासाठी होतं आणि 'उमरा' त्याच्या खालचा. नदी ओलांडली की नाव बदलत होतं, आणि नाव बदललं की भावही.

अमरावतीचा नसलेला अमरावतीचा कापूस

विसावं शतक सुरू होईपर्यंत 'उमरा'चा अर्थ इतका पसरला होता की त्यात अमरावती शोधावी लागे. व्यापाराच्या वर्गवारीत 'उमराज' या एका मथळ्याखाली वऱ्हाड, मध्य प्रांत, खानदेश, बार्शी-नगर, निजामाच्या राज्यातला गावरानी, आणि वर माळव्याच्या बाजूचा सेंट्रल इंडिया, एवढे सगळे पोटप्रकार येत. इंदूरजवळ पिकलेला कापूसही 'उमरा' म्हणून विकला जाई. जागेचं नाव आता दर्जाचं नाव झालं होतं.

याचा परिणाम शेतात दिसला. वऱ्हाडात जुनी 'बनी' नावाची कापसाची जात होती. धागा लांब आणि मऊ, पण कापसातून रुईचा उतारा कमी. दुसरी 'जरी'. धागा आखूड आणि रखरखीत, पण उतारा चांगला आणि पीक भरवशाचं. बाजार सगळ्याला एकाच नावाने आणि जवळपास एकाच भावाने उचलणार असेल, तर कास्तकार काय पेरणार? त्याने जरी पेरली. त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण जसजशी जरी वाढली तसतसा 'उमरा' या शब्दाचा अर्थ 'आखूड धाग्याचा, जाडाभरडा कापूस' असा पक्का होत गेला. पुढे शेतकी खात्यानेही जास्त उताऱ्याच्या 'रोझियम' या जातीचा प्रसार केला. नाव खाली ओढत होतं पिकाला आणि पीक नावाला.

इंग्लंडला हा आखूड धागा नको होता. तो घेतला जपानने. जपानी गिरण्यांनी आखूड भारतीय आणि लांब अमेरिकन कापूस मिसळून सूत काढण्याची हातोटी बसवली होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास भारतीय कापसाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक जपान होता. स्वित्झर्लंडचे वोल्कार्ट आणि लंडनचे रॅली यांच्या जोडीला तोयो मेंका, गोशो अशा जपानी कंपन्यांचे खरेदीदार वऱ्हाड-खानदेशातल्या बाजारांपर्यंत पोहोचले.

भाव कोण सांगायचं?

१८७० हे वर्ष वऱ्हाडच्या कापसासाठी दोन कारणांनी महत्त्वाचं. त्या वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावची रेल्वे शाखा सुरू झाली. आणि त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने लंडनशी जोडली गेली. लिव्हरपूलमध्ये भाव हलला की काही तासांत तो खामगावात कळू लागला. सकाळी गाडी जुंपून निघालेला शेतकरी बाजारात पोहोचेपर्यंत भाव बदललेला असायचा, आणि बदलल्याची बातमी आधी अडत्याला मिळालेली असायची.

बाजारात लूट होते हे सरकारलाही दिसत होतं. १८८६ साली कारंजा इथे देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. आजच्या बाजार समित्यांचं मूळ तिथे आहे. वजन, कटती, दलाली यावर नियम आले. पण 'उमरा' कशाला म्हणायचं, हा निर्णय बाजार समितीच्या आवारात होत नव्हता.

तो व्हायचा मुंबईत. १९२१ नंतर ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनच्या छत्राखाली वायद्याचे जे करार चालत, त्यात भडोच, बंगाल आणि उमरा ही मुख्य नावं होती. उमराचा भाव अमेरिकन 'मिडलिंग' कापसाच्या किती टक्के आहे, हे गुणोत्तर रोज काढलं जाई. ते खाली गेलं की जपान भारतीय माल उचलायचा, वर गेलं की अमेरिकेकडे वळायचा. वऱ्हाडात पाऊस बरा झाला की वाईट, याइतकंच टेक्सासमध्ये काय झालं याला महत्त्व होतं.

हार्बर लाइनवरच्या 'कॉटन ग्रीन' स्टेशनचं नाव त्याच बाजाराची आठवण आहे. आणखी एक आठवण जरा बदनाम आहे. न्यूयॉर्कहून मुंबईला येणाऱ्या कापसाच्या 'ओपन' आणि 'क्लोज' भावांवर लोक पैसे लावत. १९६१ साली ते भाव येणं बंद झालं, तेव्हा आकडे मडक्यातून काढायला सुरुवात झाली, आणि मटका जन्माला आला. गल्लीबोळात आजही 'ओपन-क्लोज' म्हणणाऱ्या कितीकांना ते कापसाचे शब्द आहेत हे ठाऊक नसेल.

१९३३ : भांडण कापडाचं, मार कापसाला

'उमरा'च्या गोष्टीतलं एक प्रकरण आज जास्त ओळखीचं वाटेल.

१९३० च्या दशकात स्वस्त जपानी कापड भारतात येऊ लागलं. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या आणि लँकेशायर, दोघांनाही ते नको होतं. जून १९३३ मध्ये सरकारने ब्रिटिश नसलेल्या सुती कापडावरचं आयात शुल्क ७५ टक्क्यांवर नेलं. उत्तर म्हणून जपानी गिरण्यांनी भारतीय कापूस घेणंच थांबवलं. कापडाच्या भांडणात वऱ्हाडचा शेतकरी कुठेच नव्हता. पण उमराचा मुख्य गिऱ्हाईक एका रात्रीत दुकानातून उठून गेला. तेही जागतिक मंदीने भाव आधीच तळाला गेलेले असताना.

जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली, आणि तिची अट वाचण्यासारखी आहे. जपानने वर्षाला १० लाख गाठी कापूस घेतला तर त्याला साडेबत्तीस कोटी यार्ड कापड भारतात विकता येईल. १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी यार्ड. शुल्क ७५ वरून ५० टक्के. शेतातला कापूस आणि गिरणीतलं कापड यांची अशी उघड अदलाबदल कागदावर क्वचितच लिहिली गेली असेल.

आता ऑगस्ट २०२५ बघा. अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क २७ ऑगस्टपासून ५० टक्क्यांवर नेलं. त्याचा मोठा फटका कपडे आणि घरगुती कापडाच्या निर्यातीला बसणार होता. कच्चा माल स्वस्त मिळावा ही कापड उद्योगाची जुनी मागणी होतीच. कापसाच्या आयातीवर २०२१ च्या अर्थसंकल्पापासून एकूण ११ टक्के शुल्क होतं. केंद्र सरकारने ते १९ ऑगस्टपासून माफ केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि नंतर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. वऱ्हाडात कापूस वेचून बाजारात येतो तो नेमका याच काळात. हंगामाच्या सुरुवातीला खुल्या बाजारातले भाव हमीभावाच्या खाली राहिले.

उद्योगाची अडचण खोटी नव्हती. कपड्यांच्या कारखान्यांतही हजारो हातांचा रोजगार आहे. पण १९३४ च्या करारात निदान कापूस घेण्याची अट होती. २०२५ च्या सवलतीत तशी कोणतीही अट नव्हती.

मग 'उमरा' गेला आणि 'स्टेपल' आला

वायदेबाजारात 'उमरा'ची जागा पुढे 'जरीला' या खानदेशी वाणाच्या नावाने घेतली. स्वातंत्र्यानंतर लांब धाग्याच्या अमेरिकन जाती, मग संकरित वाण, आणि २००२ नंतर बीटी. वऱ्हाडातली देशी पऱ्हाटी थोड्या शेतांपुरती उरली. गावाच्या नावाने कापूस ओळखण्याची पद्धतच संपली. त्याची जागा मिलिमीटरने घेतली.

आता तक्त्यातला 'स्टेपल' शब्द. त्याचा आजचा अर्थ धाग्याची, म्हणजे तंतूची लांबी. हमीभावाच्या हिशेबात मध्यम स्टेपल म्हणजे २४.५ ते २५.५ मिलिमीटर आणि लांब स्टेपल म्हणजे २९.५ ते ३०.५ मिलिमीटर. पण मूळ शब्द लांबीचा नाहीच. जुन्या फ्रेंचमधल्या 'एस्तापल'वरून तो इंग्रजीत आला, आणि त्याचा अर्थ होता बाजारपेठ. मध्ययुगात इंग्लंडची लोकर परदेशी विकायची तर राजाने ठरवून दिलेल्या पेठेतूनच विकावी लागे. त्या पेठेला 'स्टेपल' म्हणत. १३६३ पासून ती फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅले गावी होती. राजाला कर गोळा करणं सोपं आणि व्यापाऱ्यांच्या कंपनीला मक्तेदारी. तिथे लोकर प्रतवारी करून विकली जाई, आणि त्यातूनच तंतूच्या गुणाला, मग लांबीला 'स्टेपल' म्हणू लागले असावेत, असा कोशकारांचा तर्क आहे. कागदाला मारायच्या स्टेपल पिनेचं कूळही मागे जाऊन याच शब्दाला मिळतं.

'मध्यम स्टेपल' वाचताना शेतकरी कापसाची लांबी वाचत असतो. शब्द मात्र अजूनही बाजारच सांगतो.

शिवाय ही लांबी मोजतं कोण? बाजार समितीच्या आवारात गाडीवरचा कापूस हातात घेऊन, ओढून, कवडी आणि कचरा बघून भाव बोलला जातो. मिलिमीटर प्रयोगशाळेत मोजले जातात, तेही बहुतेक वेळा रुईच्या गाठी झाल्यावर, म्हणजे कापूस शेतकऱ्याच्या हातून गेल्यावर.

एफएक्यू म्हणजे 'वारंवार विचारले जाणारे प्रश्न' नव्हे

या यादीत आणखी एक शब्द घ्यायलाच हवा, कारण २०२५-२६ च्या हंगामात सर्वांत जास्त वाद त्यावरून झाले. मध्यम स्टेपल कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब स्टेपलचा ८,११० रुपये जाहीर झाला. पण तो 'एफएक्यू' दर्जाच्या कापसाला. मोबाइलवर वाढलेल्या पिढीला एफएक्यू म्हणजे वेबसाइटवरची प्रश्नोत्तरं वाटतात. इथे त्याचा विस्तार आहे 'फेअर ॲव्हरेज क्वालिटी', म्हणजे रास्त सरासरी दर्जा. गंमत अशी की 'फेअर', 'गुड', 'फाइन' हे लिव्हरपूलच्याच जुन्या प्रतवारीतले शब्द. 'फाइन उमरा' असा करारच असायचा. उमरा गेला, विशेषणं राहिली.

या दर्जाची ओळख म्हणजे ओलावा. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देतं. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात होते आणि १२ च्या वर कापूस घेतलाच जात नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात भिजलेल्या बोंडांतून वेचलेला कापूस वाळवायला जागा आणि ऊन दोन्ही लागतं, आणि दिवाळी तोंडावर असते. ज्याला थांबता येत नाही तो खासगी व्यापाऱ्याकडे किंवा खेडा खरेदीत देतो. या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' या ॲपवर आधी नोंदणीही करावी लागली.

त्यात मापंही दोन. शेतकरी भाव ऐकतो क्विंटल कापसाचा. गिरणी भाव बोलते खंडी रुईचा, म्हणजे ३५६ किलोचा. ही खंडीही इंग्रजीने आपल्याकडूनच नेली आणि तिचं स्पेलिंग गोळी-चॉकलेटच्या 'कँडी'सारखं करून टाकलं. बातमीत 'रुई खंडीमागे इतकी वधारली' असं वाचलं तर शेतकऱ्याला सरकीचा भाव, रुईचा उतारा आणि जिनिंगचा खर्च धरून मनातल्या मनात गणित घालावं लागतं. तोवर गाडीचा नंबर येतो.

नाव परत मिळेल का?

भारतीय कापसाला जगात पुन्हा नाव मिळावं म्हणून केंद्राने ७ ऑक्टोबर २०२० रोजी, जागतिक कापूस दिनी, 'कस्तुरी' हा ब्रँड जाहीर केला. आता तो 'कस्तुरी कॉटन भारत' म्हणून ओळखला जातो. गाठीवरच्या क्यूआर कोडवरून तिचा माग काढता येतो. त्यासाठी तंतूची लांबी, मजबुती, कचऱ्याचं प्रमाण यांचे ठरलेले निकष पार करावे लागतात. चाचणी गाठीची होते आणि प्रमाणपत्र मिळतं जिनिंगवाल्याला. म्हणजे जास्तीचा भाव आला तरी तो आधी जिनिंगच्या दारात येतो. तिथून मागे, गाडीवर कापूस घेऊन आलेल्या माणसापर्यंत तो कसा पोहोचेल, हे त्या खरेदीदारावर आहे.

शेतकऱ्याच्या हाती असलेली गोष्ट त्या मानाने लहान आहे. एकाच वाणाचा कापूस शिवारात मिळून लावणं, पहिल्या वेचणीचा माल नंतरच्या वेचणीत आणि फरदडीत न मिसळणं, आणि गटाने जिनिंगमधून रुई करून तिची चाचणी करून घेणं. तसं झालं तर मिलिमीटरचा आकडा कापूस विकण्याच्या आधी शेतकऱ्याच्या हातात असतो. एरवी संध्याकाळच्या तक्त्यात 'धामणगाव-रेल्वे'समोर काय लिहायचं, मध्यम की लांब की नुसतंच लोकल, हे बोली लावणाराच ठरवतो.